रेघ हातात आहे, मग पडद्यावर का उमटत नाही?

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी लिहिलं आहे. वय ४७. शाळेत असताना चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड. गावात लग्नकार्य असो की दिवाळी, रांगोळीला त्यांनाच बोलावणं येतं. आता त्यांना आपल्या रांगोळ्यांचे आणि कोयऱ्यांचे स्टिकर करून विकायचे आहेत. उंबऱ्यावर, पाटावर, देवघरापुढे चिकटवता येतील असे. वहीतल्या नक्षीचे फोटो घेऊन त्या दुकानात गेल्या, तर दुकानदार म्हणाला, "जेपीजी नको, व्हेक्टर फाईल आणा." म्हणजे फोटो नको, बिंदूंनी आणि वळणांनी आखलेलं चित्र हवं. मुलानं लॅपटॉपवर इंक्स्केप हे व्हेक्टर चित्रं काढायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. दोन महिने त्या झटत आहेत. व्हिडिओ बघत केलं की जमतं, कोरं पान उघडलं की काहीच सुचत नाही. पेन टूलनं वळण घ्यायला जावं तर रेघ भलतीकडेच पळते. मुलगा म्हणतो, फोटो खाली ठेवून त्यावरून गिरव. त्यांना ती फसवणूक वाटते. दुकानदार म्हणतो कोरल शिका. भाचा म्हणतो इलस्ट्रेटर घ्या, नाहीतर एआयकडून करून घ्या. क्लासवाले सहा महिन्यांचा कोर्स सांगतात, कुणी पेन टॅबलेट घ्यायला सांगतं. त्या विचारतात, "कागदावर जे मला सहज येतं ते इथे का येत नाही? माझं वय झालं, की मला खरी चित्रकला कधी आलीच नव्हती? आणि पैसे घालायचेच तर कशात घालू?"

ताई,

सगळ्यात जड प्रश्न आधी घेते, कारण तो मनात असेपर्यंत बाकीचं काही आत शिरणार नाही. तुम्हाला चित्रकला येते. तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे: पडद्यावर रेघ काढणं आणि कागदावर रेघ काढणं हे एकच काम आहे, फक्त पेन्सिलीच्या जागी माऊस आला. तसं असतं तर दोन महिन्यांत तुमचा हात नक्की बसला असता. पण हे काम वेगळं आहे, आणि ते का वेगळं आहे हे तुम्हाला त्या व्हिडिओंमध्ये कुणी सांगितलेलं दिसत नाही.

कागदावर तुम्ही कोयरीचं वळण घेता तेव्हा हात वाटेत शंभर बारीक दुरुस्त्या करतो. जरा बाहेर गेली की आत घेतो, वेग कमी करतो, टोकाशी दाब सोडतो. रेघेत त्या सगळ्या प्रवासाची खूण राहते. व्हेक्टर सॉफ्टवेअर हा प्रवास बघतच नाही. त्याला फक्त दोन गोष्टी हव्या असतात: रेघ कोणकोणत्या बिंदूंमधून जाते, आणि त्या बिंदूपाशी ती कोणत्या दिशेला निघालेली असते. मधली सगळी रेघ ते स्वतः गणितानं काढतं. म्हणजे हातानं वाटेत जे निर्णय आपोआप घेतले जातात ते इथे आधी, जाणून घ्यावे लागतात.

हे गणित आलं मोटारींच्या कारखान्यांतून. १९५९ च्या सुमारास सिट्रोएन या फ्रेंच कंपनीत पॉल द कास्तेलजो यांनी आणि नंतर रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी ते बसवलं. गाडीच्या पत्र्याचं वळण आकड्यांत कसं सांगायचं, म्हणजे ते यंत्राला तंतोतंत कापता येईल, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. सिट्रोएननं आपलं काम गुप्त ठेवलं, बेझिए यांचं प्रसिद्ध झालं, म्हणून या वळणांना आज बेझिए वक्र म्हणतात. इंक्स्केप, कोरल, इलस्ट्रेटर, सगळ्यांच्या पोटात हेच आहे. तुमच्या दुकानदाराच्या कटिंग मशीनलाही नेमकं हेच लागतं, कारण पात्याला फोटो दिसत नाही. कुठून कुठे जायचं तेवढंच त्याला सांगता येतं.

आता इंटरमिजिएट आठवा. त्यात स्थिरचित्र होतं, स्मरणचित्र होतं, संकल्पचित्र होतं, आणि भूमिती नि अक्षरलेखनाचा एक पेपर होता. बहुतेक मुली तो नाइलाजानं देत. कंपास, स्पर्शिका, वर्तुळाला वर्तुळ जोडणं. ताई, इथे तो पेपर कामाला येतो. तुम्ही स्थिरचित्राचा हात घेऊन या सॉफ्टवेअरपुढे बसलात, आणि ते तुमच्याकडे भूमितीचा हात मागत होतं. दोन्ही तुमच्याकडे आहेत.

पेन टूलचं नेमकं काय चुकतं ते सांगते, कारण नव्यानं शिकणाऱ्या जवळजवळ सगळ्यांची इथेच अडचण होते. तुम्ही क्लिक केलं की कोपरा होतो. क्लिक करून बोट न सोडता ओढलं की वळण होतं, आणि नोडच्या, म्हणजे त्या बिंदूच्या, दोन्ही बाजूंना दांडीसारखी हँडल फुटतात. ही हँडल म्हणजे त्या बिंदूपाशी वक्राला काढलेली स्पर्शिका. नवीन माणूस काय करतो? जिथे रेघ जायला हवी तिथे हँडल ओढत नेतो. हँडलवरून रेघ जात नाही. हँडल फक्त दिशा दाखवतं, आणि त्याची लांबी ती दिशा किती वेळ टिकवायची ते ठरवते. पतंगाची कामटी वाकवताना जसं आपण दोन टोकं धरतो, टोकापाशी मनगट वळवतो आणि मधली कमान आपसूक पडते, तसंच आहे हे. कमानीला हात लावायचा नसतो.

दुसरी अडचण नोड कुठे टाकायचे याची. रेघ बिघडली की माणूस अजून एक नोड टाकतो, मग अजून एक, आणि वळण खडबडीत होत जातं. उलट करा. वळण जिथे सर्वात डावीकडे जातं, सर्वात उजवीकडे जातं, सर्वात वर आणि सर्वात खाली जातं, तिथेच नोड ठेवा. तिथे हँडल सरळ आडवं किंवा सरळ उभं असतं. कंट्रोल दाबून ओढलं तर ते नेमक्या कोनात बसतं, डोळ्यानं अंदाज घ्यावा लागत नाही. दोन नोडांमधल्या अंतराच्या साधारण एक तृतीयांश लांबीचं हँडल हा सुरुवातीला चांगला अंदाज आहे. अक्षरं घडवणारे टाइप डिझायनरही नोड बहुतेक असेच ठेवतात. पूर्ण वर्तुळाला चार नोड पुरतात, आणि त्यात खऱ्या वर्तुळापासूनचा फरक हजारात एक भागाहूनही कमी असतो. चार नोडांत वर्तुळ होत असेल तर कोयरीला वीस कशाला लागतील?

म्हणून माझं सांगणं असं, की काही दिवस पेन टूल बाजूलाच ठेवा. त्यानं सुरुवात करायची असते हे तुम्ही गृहीत धरलं आहे, कारण व्हिडिओवाले बहुतेक तिथूनच सुरू करतात. मी वर्तुळापासून सुरू करायला सांगेन.

कंट्रोल दाबून एक वर्तुळ काढा. पाथ मेनूतून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा. पाथ म्हणजे नोडांनी बनलेली रेघ. नोड टूल घ्या. चार नोड दिसतील. वरचा नोड निवडा आणि वरच्या पट्टीतलं कोपऱ्याच्या नोडचं बटण दाबा, म्हणजे त्याची दोन्ही हँडल वेगवेगळी हलतील. आता तो नोड वर आणि जरा उजवीकडे ओढा. टोक बोथट दिसेल. दोन्ही हँडल कोयरीच्या पोटाकडे वळवा, टोक निमुळतं होईल. एक हँडल लांब, एक आखूड करून बघा. कोयरीची मान कशी वळते ते कळेल. हे तीन-चार वेळा केलंत की हँडलची समज बोटांत येते, आणि ती समज पेन टूलला जशीच्या तशी लागू पडते. मग कोयरीची डुप्लिकेट घ्या आणि पाथ मेनूतल्या 'इनसेट'नं आतली समांतर रेघ काढा. हातानं कोयरीच्या आतली दुसरी रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर ठेवणं किती अवघड जातं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. इथे ते दोन कळांत होतं. पहिल्यांदा आनंद बहुधा इथेच होईल.

मग पाकळी. सारख्या मापाची दोन वर्तुळं एकमेकांवर सरकवा, दोन्ही निवडा, पाथ मेनूतून 'इंटरसेक्शन' घ्या. दोघांचा सामाईक भाग उरतो, तीच पाकळी. तिच्यावर पुन्हा क्लिक केलं की फिरवायचे बाण येतात आणि मध्ये एक छोटा क्रॉस दिसतो. तो क्रॉस ओढून पाकळीच्या खालच्या टोकाशी नेऊन ठेवा. पाकळीची डुप्लिकेट घ्या, कंट्रोल धरून ४५ अंश फिरवा, पुन्हा डुप्लिकेट, पुन्हा फिरवा. आठ पाकळ्यांचं कमळ. पेन टूलला हात न लावता.

तुमच्या ठिपक्यांच्या रांगोळ्या तर या सॉफ्टवेअरला फार मानवतील, आणि हे तुम्हाला अजून दिसलेलं नाही याचंच मला वाईट वाटलं. ११ ते ६ ची रांगोळी घ्या. मधल्या ओळीत ११, दोन्ही बाजूंना एकेक कमी होत ६, एकूण ९१ ठिपके, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या ठिपक्यांच्या मध्ये सरकलेली. इंक्स्केपमध्ये डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये जाऊन आयताकृती ग्रिड करा. आडवं अंतर १० मिलिमीटर, उभं अंतर १७.३२ मिलिमीटर. आता एका ओळीत एक सोडून एक छेदबिंदूवर ठिपका ठेवा आणि पुढच्या ओळीत सोडलेल्या बिंदूंवर ठेवा. कोणताही ठिपका शेजारच्या सगळ्या ठिपक्यांपासून बरोबर २० मिलिमीटरवर येतो. स्नॅपिंग चालू असेल तर नोड आपोआप ठिपक्यावर जाऊन बसतात. ठिपके एका लेयरवर, म्हणजे थरावर, ठेवून त्या लेयरला कुलूप लावा, रेघा दुसऱ्या लेयरवर. एकदा ही मांडणी सेव्ह केली की तुमच्या वहीतल्या साऱ्या ११ ते ६ याच पानावर होतील. कोरं पान उघडल्यावर काही सुचत नाही म्हणता ना? कोऱ्या पानावर तुम्ही रांगोळी तरी कुठे काढता? आधी ठिपके घालता.

गिरवण्याबद्दल

मुलगा गिरव म्हणतो आणि तुम्हाला ती फसवणूक वाटते. ही भावना मला कळते. आपल्या चित्रकलेच्या सरांनी ट्रेसिंग पेपर दिसला की कान धरलेला असतो. पण सरांचा आक्षेप दुसऱ्याचं चित्र आपलं म्हणून खपवण्याला होता, आणि तो बरोबरच होता. तुम्ही स्वतःची रांगोळी, स्वतःच्या वहीतून, दुसऱ्या साधनात नेत आहात. छापखान्यांत, साडीच्या नक्षीत, अक्षरं घडवताना, सगळीकडे आधी कागदावर रेखाटन होतं आणि मग ते पडद्यावर उतरवलं जातं. त्यात कमीपणा नाही. विचार करायचं काम तुम्ही कागदावर केलेलंच असतं. पडद्यावर ते नेमकं करायचं असतं. दोन्ही कामं एकाच वेळी करायला गेलात म्हणून दोन महिने हाती काही लागलं नाही.

वहीतली नक्षी काळ्या पेननं ठळक करा. उजेडात, बरोबर वरून फोटो घ्या. मोबाईल तिरपा झाला की गोल लंबगोल होतो. इंक्स्केपमध्ये आणा, पारदर्शकता ४० टक्क्यांवर ठेवा, लेयरला कुलूप लावा. वरच्या लेयरवर काम करा. आणि एक काटेकोर नियम पाळा: फोटोतल्या हाताची थरथर गिरवायची नाही. डावी पाकळी उजवीपेक्षा जरा जाड झाली असेल तर एकच बाजू काढा, डुप्लिकेट घ्या, आरशासारखी उलटवा.

'ट्रेस बिटमॅप' नावाची सोय आहे, ती फोटोवरून आपोआप पाथ करून देते. वापरून जरूर बघा. पण काढलेल्या रेघेला ती दोन कडा समजते, म्हणून एका रेघेच्या जागी तिच्या भोवतीचा आकार मिळतो. नव्या आवृत्तींत मधली रेघ काढायचाही पर्याय आहे. कागदाचा खरखरीतपणाही ती इमानानं उचलते आणि शेकडो नोड पडतात. अशी फाईल कापायला दिली की पातं प्रत्येक नोडवर अडखळतं आणि स्टिकरची कड दातेरी येते. 'सिम्प्लिफाय'नं नोड कमी होतात, पण त्यात टोकं बोथटतात. अक्षरांचा किंवा भरीव आकृतीचा कच्चा पाथ मिळवायला ती ठीक. तुमच्या वळणांना स्वतःचेच नोड द्या.

भाच्याच्या एआयबद्दल इथेच सांगून टाकते. त्यातून येणारं चित्र बहुतेक वेळा ठिपक्याठिपक्यांचं, फोटोसारखं असतं. ते कापायला द्यायचं तर पुन्हा हाच खटाटोप. आणि लोक तुम्हाला तुमच्या रांगोळीसाठी बोलावतात. विकायची आहे ती तीच.

पैसे कशात घालायचे

आत्ता फक्त एका माऊसमध्ये. पत्रात तुम्ही लॅपटॉपच्या टचपॅडवर काम करता असं जाता जाता लिहिलंय. निम्मा त्रास तिथूनच आहे. चाक असलेला साधा माऊस घ्या, चाकानं झूम करायची सवय लावा. पेन टॅबलेट चांगली वस्तू आहे, पण तिचा उपयोग दाबाप्रमाणे जाड-बारीक होणाऱ्या मुक्त रेघेला. नोड ओढायला माऊस पुरतो, उलट जास्त स्थिर राहतो. डोळ्यांना ताण येत असेल तर इंक्स्केपच्या प्रेफरन्सेसमध्ये आयकॉन मोठे करता येतात. वयाचा म्हणून जो त्रास वाटतो त्यातला बराच या दोन गोष्टींनी जातो.

सॉफ्टवेअरबद्दल दुकानदार आणि भाचा दोघंही आपापल्या सवयीचं सांगतात. इलस्ट्रेटर १९८७ पासून आहे, कोरल १९८९ पासून. आपल्याकडच्या फ्लेक्सवाल्यांच्या, पत्रिका छापणाऱ्यांच्या दुकानांत कोरलचा हात बसलेला आहे. इंक्स्केप २००३ मध्ये सुरू झालं, ते मोफत आणि मुक्त आहे. बटणांच्या जागा वेगळ्या, वक्र तेच. इंक्स्केपमध्ये नोड समजला की कोरलमध्ये तो नव्यानं समजून घ्यावा लागत नाही. तुम्हाला प्रेसमध्ये नोकरी करायची असेल तर कोरलचा क्लास लावा, तिथे त्याच वेगानं काम करावं लागतं. स्वतःच्या नक्षीचे स्टिकर करायचे असतील तर सहा महिन्यांची फी आत्ता भरू नका. आणि कुणी कोरलची क्रॅक केलेली कॉपी पेन ड्राइव्हवर देऊ केली तर घेऊ नका. त्यातून व्हायरस येतात, आणि ज्या कामातून चार पैसे मिळवायचे त्याचा पायाच चोरीच्या वस्तूवर नको.

व्हिडिओ सोडू नका, पण बघायची रीत बदला. त्यांनी कोल्हा काढला तर तुम्ही कोल्हा काढत बसू नका. कोणती युक्ती वापरली ते बघा, व्हिडिओ बंद करा, आणि त्या युक्तीनं स्वतःची एक आकृती करा. सोबत असल्यावर जमणं आणि एकटीनं जमणं यांतली दरी एवढ्यानंच भरते. झालेली कोयरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडा आणि एकेक नोड काढून टाकत बघा, आकार न बिघडवता किती कमी होतात. माझ्या मते याहून चांगला सराव नाही.

एवढं करूनही हँडलची गोडी लागली नाही तर पेन टूलच्या वरच्या पट्टीत 'स्पायरो' नावाचा प्रकार आहे. त्यात नुसते बिंदू टाकत जायचं, गुळगुळीत वळण ते स्वतः जोडतं. सर्पिल वेलींना फार सुंदर. काही जण कायम त्यावरच काम करतात, आणि त्यात काही बिघडत नाही.

दुकानदाराशी बोलताना

फाईल घेऊन जाण्याआधी त्याला एकच विचारा: कापून देणार की छापून? एकरंगी व्हिनाईल (स्टिकरचा प्लॅस्टिक कागद) प्लॉटरवर, म्हणजे कटिंग मशीनवर, कापणार असेल तर व्हेक्टर हवंच. रंगीत छापून फक्त कडेनं कापणार असेल तर आतलं चित्र चांगल्या मापाचं जेपीजीसुद्धा चालतं, बाहेरची कड तेवढी पाथ लागते. ३० सेंटिमीटरच्या स्टिकरला ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायचं तर एका बाजूला सुमारे ३,५४३ पिक्सेल लागतात. आजच्या मोबाईलचा फोटो साधारण तेवढा असतो. म्हणजे तुमच्या काही नक्षींना कदाचित व्हेक्टर करायची गरजच नसेल. तो प्रश्न विचारल्याशिवाय दोन महिने घालवायला नको होते असं मात्र मनात आणू नका. ही माहिती द्यायचं काम दुकानदाराचं होतं.

कापायच्या फाईलला तीन पथ्यं. एक, रेघेला नुसती जाडी दिलेली असेल तर प्लॉटर तिच्या मधोमध एकच काप घेतो. म्हणून 'स्ट्रोक टू पाथ' करून तिचा भरीव आकार करा. दोन, आकार एकमेकांवर चढलेले असतील तर पातं आतले छेदसुद्धा कापतं. सगळं निवडून 'युनियन' करा. तीन, दोन मिलिमीटरहून बारीक पट्ट्या ठेवू नका. नको असलेलं व्हिनाईल चिमट्यानं सोलून काढताना त्याच आधी तुटतात, आणि तुमच्या रांगोळीत बारीक रेघा पुष्कळ असणार. सगळं झाल्यावर व्ह्यू मेनूतला आउटलाइन मोड लावा. रंग जातात, निव्वळ पाथ दिसतात. पात्याला दिसणार तेच तुम्हाला दिसतं.

मापाची गफलत नेहमी होते. इंक्स्केप एका इंचाला ९६ पिक्सेल धरतं, काही सॉफ्टवेअर ७२ धरतात. तुमचा ५ सेंटिमीटरचा चौकोन तिकडे ६.६७ सेंटिमीटरचा उघडतो. म्हणून फाईल पीडीएफ करून द्या, त्यात माप टिकतं. कोरल पीडीएफ आत घेतं. तरीही प्रत्येक फाईलच्या कोपऱ्यात बरोबर ५ सेंटिमीटरचा एक चौकोन ठेवा आणि दुकानात तो मोजायला लावा.

'शुभ लाभ', 'सुस्वागतम्' असं काही लिहायचं असेल तर 'मुक्त' (Mukta) किंवा 'बलू' (Baloo) यांसारखे युनिकोड फॉन्ट (कोणत्याही कॉम्प्युटरवर सारखी ओळखली जाणारी अक्षरं) घ्या, ते मोफत आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच दुकानांत अजून जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट चालतात. तुमची अक्षरं तिथे चौकोन होऊन उघडतील. देण्याआधी अक्षरांचंही 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा. त्यानंतर ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करता येत नाही, तेव्हा शुद्धलेखन आधी तपासा आणि मूळ फाईल वेगळी जपा. रंगीत छापायचं असेल तर आधी बोटभर नमुना छापून मागा. पडद्यावरचा झगमगीत भगवा आणि पोपटी कागदावर नेहमीच विझलेला येतो, कारण पडद्याचे रंग प्रकाशाचे आणि छपाईचे शाईचे. उंबऱ्यावरच्या स्टिकरवर पाय पडणार, त्याला वरून लॅमिनेशन लागेल. त्याचा दर वेगळा विचारा.

वारली माणसं त्रिकोणांनी आणि गोलांनी होतात, म्हणून नवशिक्यांना ती सरावाला देतात. सरावाला तुम्हीही करा. विकायला मात्र नको. ती एका समाजाची कला आहे, जिव्या सोमा मशे यांच्यासारख्यांनी ती जगभर पोचवली, आणि त्या समाजातले चित्रकार आज तिच्यावर पोट भरतात.

तुमच्यासारखीच पत्रं मला भरतकाम करणाऱ्यांकडून, गोधडीचे नमुने आखणाऱ्यांकडून, शाळेतल्या कला शिक्षकांकडून येतात. वर्तुळापासून सुरुवात, स्वतःच्या रेखाटनावरून गिरवणं आणि कमीत कमी नोड, हे सगळ्यांना लागू आहे. एम्ब्रॉयडरी मशीन असेल तर इंक्स्केपला 'इंक/स्टिच' नावाची मोफत जोड मिळते, ती पाथवरून टाक्यांची फाईल करते. शिक्षकांनी मुलांना आधी भूमितीच्या पेपरातली रचना इंक्स्केपमध्ये करायला द्यावी; चित्र नंतर.

पहिली फाईल म्हणून तुमची सर्वात साधी कोयरी घ्या, १५ सेंटिमीटरची, एका रंगात. एकच नग कापून घ्या आणि स्वतःच्या उंबऱ्यावर महिनाभर लावून ठेवा. कड उचलते का, पुसताना फाटते का ते बघा, आणि मगच दर ठरवा. हे गणपतीच्या आधी उरका. त्यानंतर दिवाळीपर्यंत दुकानदाराला एका नगासाठी मशीन लावायला वेळ मिळणार नाही.